त्या कागदावर काय लिहिलं आहे

पेरुजा, इटली
१५ जुलै २०२४

तीर्थस्वरूप मोठी माय आणि मोठे बाबा यांना साष्टांग नमस्कार.

बाबा, मोठ्या मायला आणि मोठ्या बाबांना पत्र तुम्हीच वाचून दाखवणार, म्हणून आधी तुम्हाला सांगते. हे पहिल्यांदा एकट्याने शेवटपर्यंत वाचा. पत्र पोचेपर्यंत श्रावण लागला असेल. एखाद्या संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना आटोपून मंडळी घरोघरी गेली, की दार लोटून घ्या आणि मोठ्या मायजवळ बसून वाचा. घाई करू नका. तिने मध्येच थांबवलं तर थांबा.

मोठी माय, तू म्हणशील, रोज फोनवर तोंड दिसते, मग ही चिठ्ठी कशाला. काल रविवारी तू भाकरी थापत होतीस. फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला होता, मला तुझा अर्धा चेहरा आणि परात दिसत होती. मी म्हटलं, "मोठी माय, तुले एक सांगाचं होतं." तू म्हणालीस, "सांग ना वं, हात गुंतेल हायेत, कान त मोकळे हायेत." आणि मला बोलता आलं नाही. मी पावसाचं विचारलं. तू सांगितलंस, मूग चांगला उगवला, डवरणी एकदा झाली, पऱ्हाटीत तण फार आहे. मी हो हो म्हणत राहिले आणि फोन ठेवल्यावर कागद घेऊन बसले. तेव्हापासून हे तिसरं पत्र. पहिली दोन फाडली.

माझं इथे बरं चाललं आहे. जेवणाची काळजी करू नकोस. एक गंमत वाटते, आपल्या खारपाणपट्ट्यात विहिरीच्या पाण्यातच मीठ, आणि इथल्या पावात मीठच घालत नाहीत. पहिल्या महिन्यात घास गिळवत नव्हता, आता सवय झाली. सध्या सूर्यफूल ऐन भरात आहे. वावरंच्या वावरं पिवळी. वरच्या अंगाला नदीच्या खोऱ्यात तंबाखूचं पीक घेतात. त्या नदीला हे लोक तेवेरे म्हणतात, आपल्या शाळेच्या पुस्तकात टायबर होती, तीच. पुढे ती रोमला जाते. त्या खोऱ्यातली एक मुलगी माझ्याबरोबर प्रयोगशाळेत आहे. मी हरभरा आणि खारी जमीन यांवर काम करते हे कळल्यावर तिनेच एकदा विचारलं, तुझं राज्य महाराष्ट्र ना? मग तुझ्याकडचा एक पोरगा आमच्या गावाशेजारी लढाईत मेला होता, तुला माहीत आहे का?

मला माहीत नव्हतं, मोठी माय. मला लाज वाटली.

त्या पोराचं नाव यशवंत घाडगे. कोकणातला, रायगड जिल्ह्यातल्या माणगावकडचा, पळसगावचा. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत नाईक या हुद्द्यावर होता. तुझा लेक, आपला दादा बेळगावला ज्या मराठा लाइट इन्फंट्रीत शिकून तयार झाला, तीच पलटण. म्हणजे नात्याने दादाचा आजोबाच लागला म्हण ना. तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं. आपल्याकडून तीन डिव्हिजन इटलीत आल्या होत्या, चौथी, आठवी आणि दहावी. पन्नास हजारांवर माणसं. त्यातली बरीचशी एकोणीस ते बावीस वर्षांची. जर्मन सैन्य रोम सोडून मागे सरकत होतं आणि जाताना एकेक टेकडी अडवून धरत होतं.

१० जुलै १९४४. यशवंतच्या हाताखाली एक छोटी तुकडी होती. समोरच्या मशीनगनने अगदी जवळून अशी झोड उठवली, की तुकडीतले सगळे पडले. कुणी मेले, कुणी घायाळ. उभा राहिला तो एकटा यशवंत. मागे वळून बघितलं असतं तरी सोबतीला कुणी नव्हतं. तो धावत सुटला, सरळ मशीनगनवर. हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही बंद पाडले. टॉमीगनने एकाला मारलं. गोळ्या संपल्या. नवीन मॅगझीन लावायला उसंत नव्हती. मग त्याने बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने उरलेल्या दोघांना झोडपून संपवलं. ठाणं हातात आलं. तेवढ्यात दुसरीकडून दबा धरून बसलेल्यांनी त्याच्या छातीत आणि पाठीत गोळ्या घातल्या. जिंकलेल्या त्या ठाण्यातच तो मेला. वय बावीस. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, इंग्रजांच्या काळातला शौर्याचा सगळ्यात मोठा मान. पदक त्याच्या बायकोने घेतलं.

मोठे बाबा, तुम्ही म्हणाल, तो इंग्रजांच्या राजासाठी लढला. मीही त्यावर विचार केला. मला नाही वाटत त्या घटकेला त्याच्या डोक्यात कुठला राजा होता. त्याच्या आजूबाजूला त्याची माणसं पडली होती. त्यांच्यातली काही अजून जिवंत होती, आणि ती बंदूक चालू राहिली असती तर ती वाचणार नव्हती. माझ्या मनाला एवढंच पटतं. आणि हे मी दादामुळे समजू शकते, ते पुढे येईलच.

गेल्या बुधवारी, १० तारखेला, त्या गोष्टीला बरोबर ऐंशी वर्षं झाली. मी सुट्टी घेतली आणि मैत्रिणीने मला गाडीतून मोंतोनेला नेलं. पेरुजापासून चाळीसेक किलोमीटर. टेकडीच्या माथ्यावर दगडी कोट घातलेलं जुनं गाव, आपल्या गाविलगडच्या पायथ्याची वस्ती उचलून वर ठेवावी तेवढंच. गल्ल्या इतक्या अरुंद की बैलबंडी जायची नाही. तिथल्या लोकांनी मागच्या वर्षी, २०२३ च्या जुलैत, यशवंतचं स्मारक उभं केलं. पुतळा नाही केला. सूर्याचं घड्याळ केलं. त्याच्यावर लॅटिन भाषेत चार शब्द आहेत, अर्थ असा की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो.

भर दुपार होती. आजूबाजूला कुणी नव्हतं, जेवून सगळे झोपले होते, आपल्यासारखेच. ऊन असं की मे महिन्यातलं दर्यापूरचं स्टँड आठवलं. मी सावलीकडे बघत उभी राहिले. इथे उन्हाळ्यात सरकारी घड्याळं एक तास पुढे करतात, पण सूर्याच्या घड्याळाला ते कोण सांगणार. इथे दुपारचे बारा वाजतात तेव्हा तुमच्याकडे साडेतीन झालेले असतात. म्हणजे मी तिथे उभी होते तेव्हा तुझा दुपारचा चहा झाला असेल, आणि तू ओट्यावर तूर निवडत बसली असशील. तोच सूर्य तुझ्या पाठीवर असेल. पायातली चप्पल काढून ठेवली आणि नमस्कार केला. जवळ काही नव्हतं. शेताच्या कडेचं एक सूर्यफूल मैत्रिणीने विचारून तोडून आणलं होतं, ते ठेवलं.

यशवंतची समाधी कुठे आहे ते कुणाला ठाऊक नाही. रोमच्या खाली कासिनो म्हणून गाव आहे, तिथे ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही अशा चार हजारांवर माणसांची नावं दगडावर कोरली आहेत. त्यात त्याचं नाव आहे. सुट्टी मिळाली की जाणार आहे. मोठे बाबा, तुम्ही दिल्लीला राष्ट्रीय युद्ध स्मारकात त्याग चक्राच्या भिंतीवर दादाचं नाव शोधत होता तेव्हा तुमच्यासोबत मी होते. चष्मा पुसून पुसून तुम्ही एकेक ओळ वाचत होता. नाव सापडल्यावर तुम्ही काहीच बोलला नाहीत, फक्त अक्षरांतली धूळ नखाने काढली. धूळ नव्हतीच खरं तर. ते मी विसरू शकत नाही.

मोंतोनेहून येताना मैत्रिणीच्या घरी थांबलो. तिची आजी अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. लढाई झाली तेव्हा आठ वर्षांची होती. तळघरात बटाट्याच्या पोत्यांमागे लपून बसलो होतो, एवढं तिला आठवतं. बाहेर आलो तेव्हा घराचं छप्पर नव्हतं, म्हणाली. तिने मला अंजीर दिले, माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही. मग नातीला काहीतरी विचारलं. नात जरा थांबली आणि मला सांगितलं, आजी विचारते, त्या पोराच्या आईला कुणी सांगितलं होतं का, त्याने काय केलं ते? नुसतं मेला म्हणून नाही. काय केलं ते.

मोठी माय, माझ्या हातातला अंजीर तसाच राहिला.

आता मी जे लिहिते त्यासाठी आधीच तुझे पाय धरते.

दादाचं पदक घ्यायला आपण गेलो, ते तुला आठवतं. तू पोपटी लुगडं नेसली होतीस, दादानेच पहिल्या पगारात घेतलेलं. साहेबांनी पदक तुझ्या हातात दिलं, लाल फीत, मधून पांढरी रेघ, आणि चांदीच्या गोल चकतीवर वर टोक केलेली संगीन. परत येताना गाडीत तू डबी उघडून ते बोटाने चाचपत होतीस. मला विचारलंस, "हे त्याच्या छातीवर लावाचं असते ना वं?" मी हो म्हटलं. मग तू पदकासोबतचा तो कागद माझ्या मांडीवर ठेवलास. इंग्रजीतला. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. "काय लिहेल हाये याच्यात, वाच ना बाई."

मी वाचला. मनातल्या मनात. दोनदा. आणि तुला म्हटलं, "दादा खूप शूर होता असं लिहिलं आहे."

तू म्हणालीस, "थे त मले ठाऊकच हाये." आणि कागदाची घडी घातलीस.

एवढंच. त्यानंतर तो कागद फ्रेममध्ये गेला, देवघराशेजारच्या भिंतीवर. तू रोज सकाळी पदराने काच पुसतेस. चार वर्षं पुसतेस. काचेखाली काय लिहिलं आहे ते तुला माहीत नाही, आणि ते माझ्यामुळे. मी भ्याले. कारण दादाला आणलं त्या दिवशी, अंगणात तुझी शुद्ध हरपत होती तेव्हा, गर्दीतल्या कुणीतरी तुला सांगितलं होतं, डोक्यात गोळी लागली, त्याला कळलंही नाही. चांगल्या मनानेच सांगितलं असेल. तू ते घट्ट धरून ठेवलंस. आल्यागेल्याला सांगतेस, "माह्या पोराले कळलं बी नाई, झटक्यात गेला." त्या एका वाक्यावर तू जेवायला लागलीस, झोपायला लागलीस. आणि कागदात तसं लिहिलेलं नव्हतं. तुझं ते वाक्य हिसकावून घ्यायचं माझ्याच्याने झालं नाही.

पण आता वाटतं, मी तुझ्यापासून दादाचं मरण लपवायला गेले आणि त्याच्यासोबत त्याने जे केलं तेही लपवलं. इथे ऐंशी वर्षांनी एका परक्या म्हातारीला माहीत आहे की पळसगावच्या पोराने बंदूक उलटी कशी धरली. आणि तुला तुझ्या पोराचं माहीत नाही. हे बरोबर नाही, मोठी माय.

बाबा, इथे जरा थांबा. तिला पाणी द्या.

कागदात जे आहे ते मी आपल्या बोलीत सांगते. इंग्रजीत मोठे मोठे शब्द आहेत, अतुलनीय धैर्य, स्वतःच्या जिवाची पर्वा न करता, असे. ते सगळ्यांच्याच कागदात असतात, ते बाजूला ठेवते. झालं ते असं.

कुपवाड्याच्या जंगलात त्यांची तुकडी रात्रभर एका नाल्याकाठी दबा धरून बसली होती. उजाडायच्या आधी झाडीतून माणसं येताना दिसली. ललकारल्याबरोबर त्यांनी गोळ्या झाडायला सुरुवात केली. तिथे प्रत्येकाचा एक जोडीदार असतो, त्याला ते बडी म्हणतात. दादाच्या बडीच्या मांडीत गोळी लागली आणि तो उघड्यावर पडला. दादा रांगत त्याच्याकडे गेला. त्याला ओढत खडकाच्या आड आणलं. त्याच्या मांडीला पट्टी बांधली. रक्त थांबेना, म्हणून स्वतःजवळची पट्टी काढून तीही त्याच पायाला आवळून बांधली.

तुला ती पट्टी आठवते का? शेवटच्या सुट्टीत आला होता तेव्हा बॅगेतून सामान काढताना मला दाखवली होती, छोट्या पाकिटात घट्ट दाबून बसवलेली. मी विचारलं, एवढीशी कशी पुरणार. तेव्हा म्हणाला होता, नियम आहे, घायाळ माणसाला त्याचीच पट्टी बांधायची, आपली आपल्यासाठी राखून ठेवायची, कारण पुढची गोळी आपल्यालाही लागू शकते. मी म्हटलं, मग तू नियम पाळशील ना? तो हसला आणि पाकीट बॅगेत टाकलं. मला तेव्हाच ओळखू यायला हवं होतं. तान्ह्या पोळ्याला स्वतःचा लाकडी बैल शेजारच्या पोराला देऊन मोकळ्या हाताने मिरवणुकीत चालणारा तो.

पुढचं ऐक. पट्टी बांधून तो वळला तेव्हा त्याच्या पोटात गोळी लागली. त्याच्यापाशी आता पट्टी नव्हती. तुकडीच्या नायकाने त्याला मागे न्यायला सांगितलं. तो गेला नाही. कागदात हे वाक्य आहे, गंभीर जखमी असूनही त्याने मागे जाण्यास नकार दिला. खडकाच्या आड घायाळ माणूस, आणि त्या खडकाकडे येणारी वाट दादासमोर. तो तिथेच पडून राहिला आणि वाट धरून बसला. एक जण अगदी जवळ आला, त्याला त्याने मारलं. दुसऱ्याला पुढे सरकू दिलं नाही, बाकीची तुकडी वळसा घालून येईपर्यंत. मग त्याला उचलून खाली आणताना वाटेत त्याचा जीव गेला.

म्हणजे झटक्यात नाही गेला, मोठी माय. त्याला कळलं होतं. किती वेळ, ते कागदात नाही. तू मला त्या दिवसापासून निदान दहा वेळा विचारलंस, "त्याले लय तरास त नाई झाला ना?" झाला असेल. मी आता खोटं बोलणार नाही. पण तो एकटा नव्हता. त्याच्या हाताच्या अंतरावर त्याचा सोबती होता, आणि तो सोबती जगावा म्हणून काय करायचं ते दादाला शेवटपर्यंत ठाऊक होतं.

मोठ्या बाबांनी आता हे ऐकून उठून बाहेर जाऊ नये. बाबा, त्यांना बसवून ठेवा.

दादाने भरतीसाठी कसं झिजवलं स्वतःला, ते तुमच्यासमोरच आहे. पहाटे चारला उठून डांबरी रस्त्याने पळायचा, मी सायकलवर बॅटरी धरून मागे. सोळाशे मीटर ठरलेल्या वेळेच्या आत. पहिल्या वर्षी तो काही सेकंदांनी हुकला. घरी आला तेव्हा तळपायाची कातडी निघालेली होती, आणि मोठे बाबा, तुम्ही बोलून गेलात की वावर सांभाळ, हे आपलं काम नाही. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा उठला. तुम्हाला ते बोलणं अजून टोचतं हे मला माहीत आहे, काकड आरतीला जाताना तुम्ही त्या रस्त्याने जात नाही, बाजूच्या पांदणीने जाता. पण दादाच्या मनात त्याचं काही नव्हतं. बेळगावहून पहिली चिठ्ठी आली तिच्यात तुमच्या गुडघ्याचं विचारलं होतं, आणि हरभऱ्याला भाव काय लागला ते.

आता स्मारकाचं. मोठे बाबा, तुम्ही विचारलं होतं, स्टँडजवळ गाववाले करायचं म्हणतात, पाटीवर काय लिहावं. पुतळा करा की चौथरा, ते गाव ठरवेल. आणि कोणाच्या हस्ते, कोणाच्या प्रयत्नाने, ही नावं दादाच्या नावापेक्षा मोठी होऊ देऊ नका, एवढं तुम्ही नक्की अडवा. वीर जवान अमर रहे लिहायचं तर लिहा. पण त्याच्या खाली मराठीत, शाळेतल्या तिसरीच्या पोराला वाचता येईल अशा अक्षरांत, त्याने काय केलं ते लिहा. जोडीदाराला ओढून आणलं. त्याची पट्टी संपली तेव्हा आपली बांधली. स्वतःला लागल्यावर मागे गेला नाही, वाट अडवून धरली. तीन ओळी होतील. शहीद झाला हे तर सगळ्या गावाला ठाऊक आहे. दर २६ जानेवारीला पोरं त्याच्या फोटोला हार घालतात आणि घोषणा देतात, पण त्यातल्या एकाला विचारा, त्याने काय केलं? ती सांगतील, लढला. कसा लढला, कोणासाठी लढला, ते आपणच कधी सांगितलं नाही तर पोरं कुठून सांगणार. आणि तो इंग्रजी कागद फ्रेममध्ये राहू द्या, पण त्याच्या शेजारी मी सोबत पाठवलेला मराठी कागद लावा. मी चांगल्या अक्षरात लिहिला आहे. शब्द मोठे नाहीत, म्हणजे मोठ्या मायला दुसरं कुणी वाचून दाखवलं तरी तिला कळेल.

काळ्या ट्रंकेची किल्ली तुझ्या कमरेला असते. त्या ट्रंकेत ती पट्टी तू शोधत बसशील म्हणून आधीच सांगते, ती नाही. सामान आलं तेव्हा यादी मीच वाचली होती. बुटाचं पॉलिश, अर्धी टूथपेस्ट, स्वेटर, मी पाठवलेल्या दोन राख्या, तुझा आणि मोठ्या बाबांचा फोटो. पट्टी कुठे गेली ते आता तुला कळलं.

आणि ती ज्याच्या मांडीला गेली तो माणूसही तुला ठाऊक आहे, मोठी माय.

सातारकडचा तो पोरगा, दरवर्षी पोळ्याला आणि दिवाळीला फोन करतो तो. दोन वर्षांपूर्वी आपल्या घरी आला होता. अंगणात बाजेवर बसला, जेवला नाही, नुसता ताक प्यायला. जाताना तुझ्या पायावर डोकं ठेवलं ते उचलेचना, शेवटी बाबांनी धरून उठवलं. तू नंतर म्हणालीस, "पोरगा लय लाजरा हाये, बोलतच नाई." तो फाटकापर्यंत गेला तेव्हा तू विचारलं होतंस, "पाय काहून लंगडते बापू?" आणि तो म्हणाला, घसरलो होतो काकू. मी ओसरीवर उभी होते. त्याने माझ्याकडे बघितलं. मी कागद वाचलेला आहे हे त्याला कळलं आणि तुला वाचून दाखवलेला नाही हेही कळलं. आम्ही दोघांनीही मान खाली घातली.

त्याला लेक झाली म्हणून त्याने तुला पहिल्यांदा कळवलं, स्वतःच्या मामाच्याही आधी. तू साखर वाटलीस आणि म्हणालीस, परक्याचं पोर पण किती जीव लावते.

पोळा यंदा २ सप्टेंबरला आहे. बैलांना आंघोळ घालून, खांदे शेकून, पूजा होईस्तोवर त्याचा फोन येईल. तो नेहमीप्रमाणे विचारेल, काकू तब्येत कशी आहे, पाऊस कसा आहे. ते नंतर सांग. आधी तू विचार, मांडी अजून दुखते का रे बापू.

तुझी,
धाकटी